न मोडायची ठेव

परवा सकाळी आमच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर कुणीतरी एक चित्र टाकलं. गुलाबाचं फूल, वाफाळता चहा आणि खाली ठळक अक्षरांत, 'खर्च करावासा वाटला की थांबून बघा. निम्म्या गरजा आपोआप मरतात. शुभ सकाळ.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. कुणी 'अगदी खरं' लिहिलं होतं, कुणी जोडलेले हात. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचतो, त्यामुळे कुठलं वाक्य कुणाच्या हातचं हे मला बऱ्यापैकी कळतं. पण हे ओळखायला काही डोकं लागत नाही. हे वाक्य माझ्या हाताखालून गेलं होतं आणि त्यातल्या 'निम्म्या'वरची चुकीची वेलांटी मीच बदलली होती. मी फोन गादीवर आपटला. माझ्या बायकोने, नीलाने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "दत्ता." ती चहा ठेवायला आत गेली.

दत्ता परब घोडपदेवला आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर राहायचा. माझगावला जहाजांची दुरुस्ती करणाऱ्या एका खासगी कारखान्यात तो टाइमकीपर होता. कोण किती वाजता आला, कोण किती वाजता गेला, एवढं बघण्यात त्याची उभी नोकरी गेली. उंच, थोडा वाकलेला, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. एक लिहायला आणि दुसरं मागणाऱ्याला द्यायला. ते दुसरं पेन परत मिळाल्याशिवाय तो जागचा हलत नसे. पोस्टात एकदा एका बाईने त्याचं पेन पर्समध्ये टाकलं, तर हा बसस्टॉपपर्यंत तिच्या मागे गेला. बाई घाबरली. हा शांतपणे म्हणाला, "मॅडम, पेन."

दुसरे लोक भेटल्यावर 'कसं काय' विचारतात. दत्ता विचारायचा, "केवढ्याला?" तुमच्या हातात पापलेट असो, छत्री असो की औषधाची बाटली. आकडा ऐकला की तो मान किंचित तिरकी करायचा. बरोबर घेतलं असेल तर मान सरळ व्हायची, महाग पडलं असेल तर तशीच राहायची. त्या तिरक्या मानेच्या धाकाने आमच्या मजल्यावरची अर्धी माणसं पिशवी पाठीमागे लपवून जिना चढायची. मी स्वतः एकदा चपला शर्टाखाली घालून घरात आलेलो आहे.

तरी त्याला चिकट म्हणणाऱ्याशी मी भांडेन. गणपतीची वर्गणी मागायला मुलं निघाली की पहिलं पाकीट परबांचं असे, आणि ते आदल्या दिवसापासून देवाच्या फळीवर तयार असे. समोरच्या शेवंताआजींचा नवरा वारला आणि त्याचे कंपनीचे पैसे आले, तेव्हा त्यांचा एक लांबचा भाचा पैसे दुप्पट करून देणारी कसलीशी योजना घेऊन आला. फॉर्म भरून तयार, फक्त अंगठा बाकी. दत्ताने त्या दिवशी रजा टाकली आणि सकाळपासून आजींच्या उंबऱ्यावर बसून राहिला. भाच्याने दम दिला, शिव्या दिल्या. हा आपला एकच म्हणत राहिला, "माझं काही नाही रे, आजी थांबून बघते म्हणतात." आजी तसं काहीच म्हणाल्या नव्हत्या. दुपारी भाचा कंटाळून गेला तो गेलाच. ती योजना पुढे बुडाली आणि खाली भायखळ्याच्या बाजूला कितीतरी घरांत रडारड झाली. शेवंताआजी मरेपर्यंत दत्ताला नैवेद्याचं पान पाठवायच्या. त्या दिवसापासून 'थांबून बघू' हे त्याचं ब्रीद झालं आणि चाळीने ते मान्य केलं. पुढे जे झालं ते बघता हेही सांगायलाच हवं की हे वाक्य पहिल्यांदा वापरलं गेलं तेव्हा त्याने एका म्हातारीला वाचवलं होतं.

ब्लॉगची कल्पना त्याच्या मुलीची, केतकीची. ती तेव्हा कॉलेजात होती. कारखान्यात पगार पुढेमागे व्हायला लागले होते, हजेरीला बोटाचा ठसा घेणारं मशीन येणार अशी बोलवा होती, आणि मशीन आलं की टाइमकीपरचं काय होणार हे दत्ताला कुणी सांगायला नको होतं. केतकी म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्या चाळीला फुकट शिकवता, तेच लिहा. लोक वाचायला आले की जाहिराती लागतात, त्याचे पैसे मिळतात." दत्ताने मान तिरकी केली आणि विचारलं, "सुरू करायला केवढे लागतात?" काही लागत नाहीत म्हटल्यावर मान सरळ झाली.

नाव ठेवलं 'पगार ते पगार'. रविवारी संध्याकाळी तो लिहिलेलं घेऊन माझ्याकडे यायचा. त्याचं शुद्धलेखन म्हणजे आनंद होता, पण सांगणं स्वच्छ होतं. घरातल्या प्रत्येकाच्या खात्याला वारस लावा. विमा हा विमा असतो, त्यात बचत शोधू नका. पगार झाल्यावर आधी बाजूला काढा, उरेल त्यात महिना भागवा. आणि सगळ्यात वर, त्याच्या सगळ्या शहाणपणाचा कळस, अडीनडीची ठेव. घरखर्चाचे अमुक महिने भागतील एवढी रक्कम बँकेत मुदतीच्या ठेवीत टाकायची आणि ती आहे हे विसरून जायचं. मोडायची नाही. मोडावीशी वाटली की आधी थांबून बघायचं.

हे सगळं खरंच होतं आणि कुणीही वाचत नव्हतं. कुठला लेख किती जणांनी उघडला ते त्याला फोनवर दिसायचं. त्यातले एक आपण, एक केतकी, हे त्याला माहीत होतं. मग एका मे महिन्यात त्याने मसाल्यावर लिहिलं.

आमच्याकडे वर्षाचा मसाला लालबागला होतो. मिरच्या घ्यायच्या, घरी आणून गॅलरीत उन्हात घालायच्या, देठं काढायची, मग धणे आणि गरम मसाल्याचं सामान घेऊन परत लालबागला जायचं. तिथे भाजून घ्यायचं, डंक्यावर कांडून घ्यायचं आणि गरम मसाला डब्यात भरून आणायचा. तो निवला की बरणीत भरून वर हिंगाचा खडा ठेवायचा. दत्ताने हा सगळा खर्च मांडला, शेजारी बाजारच्या पाकिटांचा खर्च मांडला आणि वर्षाला किती वाचतात ते काढलं. मी प्रूफ बघत होतो आणि त्याची बायको, सुनंदावहिनी, आमच्याकडे पोहे घेऊन आल्या होत्या. माझ्या खांद्यावरून वाचून त्या म्हणाल्या, "ह्येच्यात माझी मजुरी खंय धरल्यात? देठां कोणी काढली? दोन दिवस हात भगभगतत माझे."

मी हसत सुटलो. दत्ता मात्र गंभीर झाला. त्याला ती हिशेबातली खरीच चूक वाटली. त्याने लेखाच्या शेवटी ते वाक्य जसंच्या तसं घातलं आणि खाली लिहिलं, 'सुनंदाचं म्हणणं बरोबर आहे. मजुरी धरली तर काही वाचत नाही.' बरोबर एक फोटो टाकला. स्टीलचा डबा आणि झाकणावर वहिनींचा हिरव्या बांगड्यांचा हात.

तो लेख कुठल्या कुठे गेला. डोंबिवलीपासून दुबईपर्यंत बायकांनी आपापल्या नवऱ्यांना पाठवला. तेव्हापासून वहिनी ब्लॉगवर राहायला गेल्या. 'सुनंदा म्हणते' असं दर लेखात यायचंच. दत्ता नियम सांगायचा आणि वहिनी त्याला टाचणी लावायच्या. वाचणारे दत्ताला 'सर' म्हणायचे आणि प्रश्न वहिनींना विचारायचे. जाहिरातींचे पैसे दर महिन्याला बँकेत यायला लागले. पहिले आले तेव्हा दत्ताने पाव किलो फरसाण आणून मजल्यावर वाटलं, दर दाराला मूठभर. सोन्यावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीने आमच्याविषयी चांगलं लिहा म्हणून चांगली मोठी रक्कम देऊ केली, तर ह्याने 'आम्ही सोनं गहाण टाका असं सांगत नाही' असं उत्तर पाठवलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, तो आजही वाटतो.

वहिनींच्या मागण्या फार नव्हत्या. स्वयंपाकघरात एक पंखा हवा होता. एकदा मालवणला माहेरी महिनाभर निवांत राहायचं होतं. दत्ता म्हणायचा, "थांबून बघू." आणि त्या खरोखर थांबायच्या. मग त्यावरही लेख व्हायचा. 'पंख्याची गरज कशी गेली' हा लेख तर लोकांनी डोक्यावर घेतला. त्यातच ते निम्म्या गरजांचं वाक्य आहे. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, गरज खंय गेली? मीच गॅलरीत जावन बसतंय." हे मात्र दत्ताने लेखात घेतलं नाही.

एका वर्षी गणपतीच्या आधी त्याची अडीनडीची ठेव पुरी झाली. कित्येक वर्षं तो त्या आकड्याच्या मागे होता. त्या रविवारी त्याने लिहिलं, 'आज आमची ठेव पूर्ण झाली. आता जगात काहीही होवो, परबांचं घर हलणार नाही.' फोटोत वहिनींच्या तळहातावर पेढा. लोकांनी अभिनंदनाचा पाऊस पाडला. पगार जवळपास अर्ध्यावर आलेला, मशीन लागलेलं, आणि हा माणूस जग जिंकल्यासारखा गॅलरीत उभा होता.

त्यानंतरची दिवाळी गेली आणि आणखी एक दिवाळी आली. केतकी एव्हाना नोकरीला पुण्याला होती, सुट्टीला आली होती. नरकचतुर्दशीला पहाटे आईच्या पाठीला तेल लावायला बसली. आदल्या वर्षी वहिनींनी 'माझी आंघोळ झाली' म्हणून ते टाळलं होतं. या वर्षी केतकीने ऐकलं नाही. तेल लावता लावता तिचा हात काखेशी एका गाठीवर थांबला.

पुढचं मला केतकीनेच सांगितलं. आई चपापली नाही, घाबरली नाही. पदर ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "ओरडा नको गो. बाबांची ठेव नुकती पुरी झाल्ली तेव्हा समाजला. लोक तेंचा अभिनंदन करी होते, तेच्यात मी खंय सांगू? म्हटलंय थांबान बघूया. जाता आपोआप."

आपोआप जातं. मी ते ऐकलं तेव्हा जिन्यात उभा होतो.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे?" वहिनींनी उत्तर देण्याआधी दत्ताकडे पाहिलं. वर्षाहून जास्त झालं होतं. डॉक्टर तरुण मुलगी होती, तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "घरात कुणी शिकलेलं नाही का?" दत्ता म्हणाला, "आहे. मी आहे."

ठेव मोडायला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने कागद पाहिले आणि भल्या मनाने म्हणाला, "काका, मुदत संपायला थोडेच दिवस आहेत. आत्ता मोडलीत तर व्याज जाईल. थांबताय का?" दत्ताची मान तिरकी झाली आणि तशीच राहिली. मीच म्हटलं, "नाही. आत्ताच मोडा."

नंतरचे महिने हॉस्पिटलचे. ते मी सांगत बसत नाही, ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहेत. दत्ता परळच्या त्या फुटपाथवर डबा घेऊन बसायचा आणि आतून बोलावणं आलं की उठायचा. त्याही दिवसांत ब्लॉगवर दर रविवारी लेख येत होता, आधीचे लिहून ठेवलेले. वहिनीच त्याला आठवण करून द्यायच्या. त्या शिमग्याच्या आधी गेल्या. तेराव्याला सगळे पांगल्यावर दत्ता मला म्हणाला, "पैशे उरले रे." मला आधी कळलंच नाही. तो पुन्हा म्हणाला, "सगळा करूनसवरून पैशे उरले." एरवी तो माझ्याशी मालवणीत बोलत नसे.

चौदाव्या की पंधराव्या दिवशी तो नवा लेख घेऊन आला. भाजीच्या वाढत्या भावाबद्दल होता. मधोमध लिहिलं होतं, 'सुनंदा काल म्हणाली, शेवग्याच्या शेंगा महाग तर पानांची भाजी करू.'

मी कागद खाली ठेवला. "दत्ता, हे काय आहे?"

"चूक आहे काही?"

"चूक? काल कोण म्हणालं?"

तो म्हणाला, "लोक विचारतायत रे. वहिनी कशा आहेत, लसणाच्या चटणीचं प्रमाण सांगा म्हणावं. काय लिहू?"

"गेली म्हणून लिही."

"मग कशाने गेली तेही लिहायला लागेल."

मी त्याच्यावर ओरडलो. मी ओरडणारा माणूस आहे, नीला मला नेहमी सांगते. तो कागद घेऊन गेला आणि लेख माझ्या दुरुस्तीशिवाय, सगळ्या वेलांट्या उलट्यासुलट्या, तसाच आला. मग दर आठवड्याला वहिनी बोलत राहिल्या. गॅसच्या दरावर बोलल्या, दिवाळीच्या खरेदीवर बोलल्या. फोटोत दोन कप चहा दिसायचे. वहिनींचा हात नसायचा, पण तो कुणी शोधत नव्हतं.

केतकी पुण्याहून येऊन भांडून गेली. तिने त्याला तोंडावर खोटारडा म्हटलं. तो म्हणाला, "कारखान्याने मला कधीच घरी बसवलंय. महिन्याला येतात ते एवढेच येतात. आणि पैशाचं सोड. तिथे तरी तिला राहू दे." केतकी रडत खाली गेली. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी कुणालाच काही बोललो नाही. पण एक गोष्ट मला खुपत होती ती त्यालाही खुपत असणार. ब्लॉगवर सगळ्यात वर अजूनही ते ठेवीचं पान होतं. मोडू नका, थांबून बघा. रोज नवीन माणसं येऊन ते वाचत होती.

आता आमची चाळ रिकामी झालीय, पाडायचं काम चालू आहे. आम्ही भाड्याच्या घरात चिंचपोकळीला आलो, दत्ताला केतकी पुण्याला घेऊन गेली. फोनवर तो फार बोलत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो येतो तो लालबागचा, चाळ सोडायच्या आधीच्या मे महिन्यातला.

मसाल्याच्या लेखाची लोक वाट बघत होते. 'वहिनींचा मसाला झाला का,' असे निरोप येत होते. वहिनी गेल्या त्या वर्षी त्याने एकट्यानेच जाऊन मसाला केला होता आणि जुना फोटो लावला होता. या वेळी नीलाने आमच्याही मिरच्या माझ्या डोक्यावर दिल्या, म्हणून आम्ही दोघे मिळून गेलो. दत्ताची पिशवी माझ्यापेक्षा जड होती. पूर्वी तिघांसाठी घ्यायचे तेवढ्याच मिरच्या, सगळी देठं काढलेली. बोटं सुजली होती त्याची.

डंक्यापुढे बायकांची रांग होती. प्रत्येकीच्या नाकाला पदर किंवा ओढणी, कुणी शिंकतंय, कुणी ठसकतंय. आमच्या पुढे पन्नाशीची एक बाई होती, कॉटनची साडी, हातात प्लास्टिकची परडी. तिने दोनदा वळून पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "तुम्ही 'पगार ते पगार'वाले परबसर ना? डब्यावरून ओळखलं. झाकणाला तो पोचा आहे ना, फोटोत दिसतो."

दत्ताने मान हलवली.

"मी नायगावला असते. सगळं वाचते हो तुमचं. वहिनी नाही आल्या?"

"नाही," दत्ता म्हणाला. "ऊन आहे."

"बरोबर आहे, उन्हाचं नकोच. त्यांना सांगा, तुमच्यामुळे माझं घर लागलं मार्गी. भाड्याचे पैसे मिळाले ना आम्हाला, चाळ पाडतायत म्हणून, त्यातून ठेव केली. अडीनडीची. अजून हात नाही लावला." ती कौतुकाने सांगत होती. मग आवाज जरा उतरला. "आता ह्यांच्या छातीत दुखतं अधूनमधून, जिना चढले की. डॉक्टर म्हणतात अॅडमिट करून तपासणी करायला हवी. ठेव मोडायला लागेल. मी म्हटलं थांबून बघू. तुमचंच वाक्य. दिवाळीपर्यंत बघते. पण वहिनींना विचाराल का एकदा? त्या बरोबर सांगतात."

मी दत्ताकडे पाहिलं. तो झाकणाच्या पोच्यावरून अंगठा फिरवत होता. मला वाटलं हा आता हो म्हणेल, विचारतो म्हणेल. मी मनात शिवी तयार ठेवली होती.

"ताई," तो म्हणाला, "ती नाहीये."

"घरी नाहीत?"

"गेली. गेल्या वर्षी. तिला गाठ आली होती, तिने मला सांगितलं नाही. ठेव मोडायला नको म्हणून थांबून बघत बसली." एवढं तो एका दमात बोलला. मग श्वास घेतला आणि म्हणाला, "तुम्ही मोडा. मसाला राहू दे, आत्ता बँक उघडी असेल. ह्यांना घेऊन जा."

बाई म्हणाली, "पण परवाच्या रविवारी तर त्या म्हणाल्या, आंबे..."

"ते मी लिहिलं."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. त्यात दया नव्हती. कुणीतरी आपल्या घरात शिरून आपल्याला फसवलं, असा तो चेहरा होता. तिने परडी उचलली, मिरच्यांसकट, आणि रांग सोडून रस्त्याकडे निघाली. बँकेत गेली की नुसतीच आमच्यापासून लांब गेली, ते मला माहीत नाही. तिचं नावही आम्ही विचारलं नव्हतं.

आमचा नंबर आला. डंका खाली-वर होत राहिला, दत्ता समोर उभा राहून बघत राहिला. मसाला डब्यात भरून झाला तेव्हा डबा हाताला चटका देत होता. बाहेर बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला, डबा दोन पायांत ठेवला आणि फोन काढला. बोटं लाल होती, काचेवर डाग पडत होते.

मी म्हटलं, "चल, बस येईल. घरी जाऊन काय ते लिही."

"नको. घरी गेलो की मी थांबेन."

मी त्याच्या शेजारी बसलो. बसा येत होत्या, जात होत्या. त्याला फार वेळ लागला नाही. फोन माझ्याकडे देऊन तो म्हणाला, "वेलांट्या बघ."

मी वाचलं. सगळं होतं त्यात. गाठ, दिवाळी, बँकेतला मुलगा, उरलेले पैसे. सव्वा वर्ष मी खोटं लिहिलं, हेही होतं. शेवटी लिहिलं होतं, ज्यांनी ज्यांनी माझं ऐकून काही दुखणं अंगावर काढलं असेल त्यांनी आज ठेव मोडावी, माझी वाट बघू नये. वेलांट्या चुकलेल्या होत्या, बऱ्याच. मी एकाही वेलांटीला हात लावला नाही आणि फोन परत दिला. त्याने ब्लॉगवरचं सगळ्यात वरचं ठेवीचं जुनं पान काढून टाकलं, हे घातलं आणि फोन खिशात दोन पेनांच्या मागे ठेवला. फोन लगेच थरथरायला लागला. त्याने बघितलं नाही.

ऊन कलत होतं. तो उठला, डबा कमरेवर घेतला, जसा वहिनी घ्यायच्या, आणि आमच्या बसचा नंबर बघायला रस्त्याच्या कडेला गेला. तिथून वळून मला म्हणाला, "संध्याकाळी बरणी घेऊन ये रे. एवढ्याचं मी एकटा काय करू?"